समुद्राच्या तळाची नांगरट

नांगरट कशासाठीं करावयाची हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. जमीन भुसभुशीत व्हावी, तणाच्या मुळ्या उन्हानें वाळाव्या आणि बियाण्यास रुजावयास जागा मिळावी, एवढ्यासाठीं तो ही मेहनत करतो. समुद्राच्या तळावरून जाळें ओढून मासळी धरण्याच्या धंद्याचें समर्थनही पुष्कळदां याच दाखल्यानें करण्यांत येतें. जाळें फिरलें म्हणजे तळची माती हालते, तींतील अन्न वर येतें व मासळी वाढते, असें कांहींचें म्हणणें असतें. समुद्राचा तळ आपल्या दृष्टीस पडत नाहीं हें खरें. पण नांगरट कोणती चांगली व कोणती वाईट, याची पारख शेतकऱ्याइतकी कोणास असणार? म्हणून हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

जाळ्याची रचना

ट्रॉल हें मोठ्या पिशवीसारखें जाळें असून तें यांत्रिक बोटीच्या मागें तारेच्या दोरांनीं ओढतात. पिशवीचें तोंड उघडें रहावें म्हणून दोन्ही बाजूंस लाकडाच्या किंवा लोखंडाच्या जड फळ्या लावलेल्या असतात. बोट चालूं लागली कीं पाण्याच्या दाबानें त्या एकमेकींपासून दूर सरतात आणि तळांत चर पाडीत जातात. त्यांच्यामागून येणारे दोर चिखलाचा लोट उठवितात, व त्याला बुजून मासे जाळ्याच्या तोंडाकडे वळतात. तोंडाच्या खालच्या कडेस साखळ्या, वजनें किंवा रबरी चाकें बसविलेलीं असतात. कांहीं देशांत शिंपल्यांसाठीं दातेरी लोखंडी चौकट ओढतात; ती पाण्यांतील दाताळेंच होय. दुसऱ्या एका यंत्रांत तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें तळ उकरून शिंपले बाहेर काढतात.

याच्या उलट आपल्या उत्तर कोंकणांतील डोल जाळें एका जागीं बांधलेलें असतें. भरतीओहोटीच्या ओढीनें मासळी त्यांत येते. त्याचेही दोष आहेत, परंतु तें तळ खरवडीत फिरत नाहीं.

खोली आणि हानि

जगांतील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून शास्त्रज्ञांनीं सन २०१७ सालीं एक हिशेब मांडला. फळ्यांचें ट्रॉल सरासरी २.४ सेंटिमीटर खोल जातें व एका फेरींत तळावरील सुमारें ६ टक्के जीव नाहींसे करतें. फवाऱ्याचें यंत्र १६.१ सेंटिमीटर खोल जातें व ४१ टक्के जीव नेतें. पहिला आंकडा पाहून वाचक म्हणतील कीं, एक इंच ही काय नांगरट झाली? परंतु तळावरील जीवसृष्टि मुख्यत्वें वरच्या थोड्याशा थरांत आणि त्याच्याही वर असते. स्पंज, पोंवळीं, शिंपल्यांचे थर हीं तेथील झाडेंझुडपें होत. माशांचीं पिलें त्यांच्याच आडोशास वाढतात. शिवाय फेरी एकच होत नाहीं. मधें विसांवा न मिळतां दहा फेऱ्या झाल्या, तर या हिशेबानें जवळजवळ निम्मे जीव जातात. अर्ध्यावर आलेली ही सृष्टि पुन्हा जवळजवळ पूर्ववत् होण्यास सुमारें दोन ते साडेसहा वर्षें लागतात, असेंही त्याच हिशेबांत आढळलें.

सर्व जमिनी सारख्या नसतात, तसे सर्व तळही नसतात. लाटांनीं नेहमींच हालणाऱ्या रेताड तळावर लवकर वाढणारे बारीक किडे असतात. तेथील जखम लवकर बुजते. खोल पाण्यांतील पोंवळ्यांचें तसें नाहीं. स्कॉटलंडच्या वायव्येस सुमारें १,००० मीटर खोलीवर डार्विन माउंड्स नांवाचे पोंवळ्यांचे उंचवटे सन १९९८ सालीं सांपडले. दोनच वर्षांनीं पाहतां त्यांवरून ट्रॉल फिरल्याच्या खुणा व मोडलेलीं पोंवळीं दिसलीं. सन २००३ सालीं तेथें बंदी झाली. पण मोडलेलें पोंवळें कांहीं एका हंगामांत उगवत नाहीं.

तुलना कोठें फसते

शेतकरी नांगरतो तो पेरण्यासाठीं. तो खत घालतो, बांध घालून माती धरतो आणि जमिनीस विसांवा देतो. ट्रॉलवाला यांपैकीं कांहींच करीत नाहीं, व त्यास तें करतांही येत नाहीं. स्पेनमधील पालामोस गांवासमोर समुद्रांत एक खोल दरी आहे. तिच्या उतारांवर कोळंबीसाठीं अनेक वर्षें ट्रॉल ओढल्यानें ते उतार नांगरून सपाट केल्यासारखे झाले आहेत, आणि उठलेला गाळ खालीं वाहून जातो. ट्रॉल न फिरलेल्या जागेशीं तुलना करतां तेथील मातींत सेंद्रिय द्रव्य निम्म्यापर्यंत कमी आणि बारीक जीव ८० टक्के कमी असल्याचें सन २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. सेंद्रिय द्रव्य निम्मे झालेल्या रानाची दशा काय होते, हें वाचकांस सांगणें नको.

जुनी तक्रार

ही तक्रार नवी नाहीं. सन १३७६ च्या सुमारास इंग्लंडांत तिसऱ्या एडवर्ड राजाकडे असाच एक अर्ज गेला होता. नव्या जड जाळ्यानें तळावरील वनस्पति व शिंपल्यांचें बीज नष्ट होतें, आणि बारीक मासळी इतकी येते कीं कोळी ती डुकरांस चारतात, असें त्यांत म्हटलें होतें. आज तशीच बारीक मासळी वाळवून व दळून कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. तेव्हां कोंबड्या पाळणारा शेतकरी या व्यवहाराच्या अगदीं बाहेर आहे असें नाहीं.

उपाय

तळास न टेकणाऱ्या फळ्या वापरणें, कांहीं क्षेत्रें कायमचीं राखून ठेवणें आणि नाजूक तळ टाळणें, हे उपाय आहेत. इंडोनेशियानें सन १९८० सालीं ट्रॉल बंद केलें. हाँगकाँगनें सन २०१२ च्या अखेरीस आपल्या पाण्यांत तीच बंदी घातली. युरोपीय संघानें सन २०१६ सालीं ८०० मीटरहून अधिक खोलीवर तें ओढण्यास मनाई केली. महाराष्ट्रांतही सन १९८१ च्या कायद्यान्वयें यांत्रिक मासेमारीवर निर्बंध आहेत व पावसाळ्यांत ती बंद असते. मासळीच्या विणीस ही बंदी उपकारक आहे. पण वर्षानुवर्षें नांगरलेल्या तळास दोन महिन्यांची पडीक पुरत नाहीं, हें वरील आंकड्यांवरून उघड आहे.

आपल्या शेताची माती वाहून गेली तर ती डोळ्यांस दिसते आणि दुःख होतें. समुद्राचा तळ कोणा एकाच्या मालकीचा नाहीं, म्हणून त्याचें दुःखही कोणास होत नाहीं. मातीची किंमत ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं तरी, पाण्याखालचीही मातीच आहे, हें विसरूं नये.