वऱ्हाडातील उधईचा आहार

अमरावती-अकोल्याकडील जुन्या घरात दप्तराची पेटी बऱ्याच दिवसांनी उघडावी, तो वरचा पुठ्ठा शाबूत आणि आतल्या कागदांची माती झालेली, असा अनुभव पुष्कळांना असतो. अशा गृहस्थापाशी उधईविषयी चांगला शब्द मागणे कठीणच. तथापि वाळवी, अर्थात वऱ्हाडी बोलीतील उधई, हिचे मुख्य अन्न मेलेली वनस्पती होय. गळालेली पाने, वठलेल्या फांद्या, वाळके गवत, वाळलेले शेण यांवर तिचा निर्वाह चालतो. कागद तरी काय, लाकडाचाच वंशज!

मेळघाटातील सागाचे रान उन्हाळ्यात निष्पर्ण होते व खाली पानांचा जाड थर साचतो. ओल्या मुलखात असा थर बुरशी व सूक्ष्म जंतू कुजवितात. वऱ्हाडात मात्र पावसाळा सरला की त्यांना लागणारी ओल फारशी उरत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. राजस्थानच्या वाळवंटात तर ही अडचण जवळजवळ बारमाही असते. अशा प्रदेशांत विघटनाचे पुष्कळसे काम उधई करिते, कारण ती ओल बरोबर घेऊन फिरते. झाडाच्या बुंध्यावर दिसणारे मातीचे लिंपण म्हणजे लाळेने कालविलेल्या मातीचे छप्पर होय. त्याच्या आडोशाला ती बहुधा मेलेली सालच खरवडीत असते.

परंतु लाकूड पचविणे सोपे नव्हे. इकडील वारूळ बांधणाऱ्या जातींनी त्यासाठी चक्क शेती मांडली आहे. कामकरी कीटक अर्धवट पचलेले अन्न विष्ठारूपाने वारुळात टाकून त्याचे सच्छिद्र पोळे रचतात. या बागेचे वर्णन योहान कोनिग याने १७७९ मध्येच केले होते. पोळ्यावर वाढणारी बुरशी लाकडातील चिवट द्रव्य फोडते. तिच्या पांढऱ्या गाठी आणि मुरलेले जुने पोळे हेच वसाहतीचे जेवण. सैनिकांचे जबडे लढाईसाठी असे वाढलेले, की त्यांना कामकऱ्यांनी भरवावे लागते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी याच बुरशीची. नागपंचमीला पुजले जाणारे वारूळही उधईनेच बांधलेले असते; नाग हा मागाहून आलेला बिऱ्हाडकरू.

मग ती उभे पीक का खाते? कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या उपटून सरपणाला नेतात, धसकटे वेचून पेटवून देतात. शेत स्वच्छ दिसते, पण उधईचे ताट रिकामे होते. त्यात पावसाने ओढ दिली, की ती मलूल रोपांच्या मुळांकडे वळते. अर्धकच्चे शेणखत तर तिला आमंत्रणच. म्हणून जाणता शेतकरी खत उकिरड्यात पुरते कुजल्यावाचून शेतात नेत नाही.