शेवाळाच्या कॅप्सूलने कॅन्सर बरा होतो?

परवा ग्वाल्हेरच्या गोरखी भागात शेजारच्या काकूंनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचायला दिला. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, कॅन्सर गायब! ग्वाल्हेरला समुद्र नसला तरी व्हॉट्सॲपला भरती रोजचीच.

गोष्ट पूर्ण थाप नाही, म्हणून लिहितोय.

रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर ओहोटीला सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ दिसतं. अशा शेवाळांत फुकॉइडन ही चिकट, गंधकयुक्त शर्करा असते. 1913 मध्ये स्वीडनचे शास्त्रज्ञ किलिन यांनी ती वेगळी केली. प्रयोगशाळेत तिने कॅन्सरच्या पेशी मरतात, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय.

पण बशीतली पेशी मारणं सोपं असतं हो! ती ब्लीचनेही मरते. फुकॉइडनचे रेणू अवाढव्य, पोटातून रक्तात जेमतेम उतरतात. शिवाय शेवाळाची जात आणि ऋतू बदलला की त्यांची घडणही बदलते. मग डोस ठरवायचा कसा?

समुद्राने औषधं दिली आहेत, हे मात्र खरं. सायटाराबिन हे रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध समुद्री स्पंजातल्या रेणूंवरून सुचलं. अमेरिकेत 1969 मध्ये मंजूर झालं. हॉजकिन लिम्फोमा या कॅन्सरवरच्या ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधातलं विष एका समुद्री गोगलगायीत सापडलेल्या रेणूवर बेतलेलं आहे. पुढे कळलं, मूळ रेणू तिच्या खाण्यातल्या सायनोबॅक्टेरियांचा!

काकूंना एवढंच सांगितलं: फुकॉइडन रक्त पातळ करू शकतं आणि तपकिरी शेवाळात आयोडीन भरपूर असतं. किमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा. कॅप्सूलच्या डबीचा फोटो टाकलात तर घटक एकत्र वाचू.