आजीच्या एकादश्या

आमच्या आजोळच्या देवघरात भोकाच्या पैशांची एक माळ आहे. १९४३ साली, युद्धापायी तांब्याची टंचाई झाली, तेव्हा सरकारने पैशाच्या पोटालाच भोक पाडले! आजीने ते पैसे दोऱ्यात ओवून ठेवले. ती माळ दिसली की आई हमखास लढाईच्या दिवसांत शिरते.

लढाई तशी दूरच होती. पण मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि जपानी विमाने आता मुंबईवर येणार, या धास्तीने कितीतरी बिऱ्हाडे गावी गेली. आजोबांची नोकरी मांडवीतल्या एका पेढीवर; ते जाणार कुठे? गिरगावातल्या दोन खोल्यांत, दिव्यांना काळे कागद लावून, आजोबा, आजी, पणजी, मामा आणि आई अशी पाच माणसे राहिली. मे १९४३ मध्ये रेशनिंग आले आणि तांदूळ मुठीने मोजायची आजीच्या हाताला सवय झाली.

मग उजाडला १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. शेकडो माणसे गेली. जपान्यांनी बाँब टाकले, अशीच हूल गिरगावात उठली. आई तेव्हा सहा वर्षांची. आजी दारात उभी होती, एवढे तिला आठवते.

रात्री उशिरा आजोबा काजळीने माखून आले. मागे पेढीवरचे मेहताजी, त्यांची बायको आणि लहान मुलगा. त्यांचे घर जळाले होते. रेशन कार्डही त्यातच गेले. आजीने काही न विचारता पाणी तापवले.

नवे कार्ड मिळेपर्यंत पाच माणसांच्या शिध्यात आठ तोंडे! चोरबाजारात पाऊल टाकायचे नाही, हा आजोबांचा हट्ट. चार दिवसांनी ते म्हणाले, "अगं, या महिन्यात एकादश्या तरी किती?"

आजी म्हणाली, "देवाच्या हिशेबात आपण कशाला पडायचं?"

पण मेहताजींच्या बायकोच्या ते ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी ती भरले पान पुढे सारून बसली. "बेन, तुम्ही नाही तर मीही नाही!" आजीला रडू कोसळले. त्या दिवसापासून आठही पाने एकदम मांडली जाऊ लागली. प्रत्येकाला भात थोडा कमी आला, पण कुणाचेच पान रिकामे राहिले नाही.

लढाईच्या गोष्टींत आजी पुढे सोन्याच्या विटा कधी सांगत नसे. सांगे ते एवढेच, "उपास लपवू नये. एकानं उपाशी राहून घर चालत नाही. असेल ते सगळ्यांच्या पानात पडावं."

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या घरातला पगार निम्म्यावर आला. मी गुपचूप माझे रात्रीचे जेवण आवरते घेतले. "भूक नाही," म्हणून उठू लागले, तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या आईने माझा हात धरला आणि सगळ्यांदेखत विचारले,

"का गं, आज कुठली एकादशी?"

मी निमूटपणे पान घेऊन बसले.