व्यवसायाची पहिली वर्षे आणि लवणभास्कर चूर्ण

पदवी हाती आल्यानंतरची पहिली तीन-चार वर्षे वैद्याला बरेच काही शिकवितात. संहितांतील सूत्रे मुखोद्गत असतात, परीक्षेतील गुण ताजे असतात. रुग्ण मात्र कोणत्याही एका सूत्रात न बसणारा समोर येतो. अशाच एका रुग्णाची हकीकत सांगून, तिच्या अनुषंगाने आपल्या नित्य वापरातील पाचक चूर्णांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. चूक माझी होती, हे आरंभीच नमूद करतो.

सन २००४ मध्ये एका तालुक्याच्या गावी मी दवाखाना थाटला. पहिल्याच पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक आले. वय सदुसष्ट; तक्रार अग्निमांद्य, आध्मान व उद्गाराची. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, साम लक्षणे स्पष्ट होती. लवणभास्कर चूर्ण ३ ग्रॅम, दिवसातून दोन वेळा, भोजनोत्तर तक्राबरोबर असे लिहून दिले. आठ दिवसांनी गुरुजी स्वतः सांगावयास आले की पोट हलके वाटते, भूक लागते. माझ्या आनंदास पारावार उरला नाही. मेजावर रक्तदाबमापक यंत्र होते, परंतु चक्कर वा डोकेदुखीची तक्रार असल्याखेरीज ते उघडण्याची मला सवय नव्हती. नाडीपरीक्षा येते, मग यंत्र कशाला, असाही थोडा अहंकार होता.

सुमारे चार महिन्यांनी गुरुजींचे चिरंजीव आले. वडिलांच्या पायांवर सूज आली होती, जिना चढताना दम लागत होता व रक्तदाब १९०/११० भरला होता. गुरुजींना गेली सहा वर्षे रक्तदाबाची गोळी चालू होती. हे त्यांनी मला सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी भेटावयास गेलो. त्यांनी चूर्णाची डबी हातात घेऊन शांतपणे एकच प्रश्न केला, “वैद्यराज, यात मीठ किती?” मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री शार्ङ्गधर संहिता उघडून हिशेब मांडला. सामुद्र लवण ८ कर्ष, सौवर्चल ५, बिड २, सैंधव २. म्हणजे लवणेच १७ कर्ष. उर्वरित द्रव्ये धरून एकूण ४१ कर्ष. याचा अर्थ चूर्णाच्या पाच भागांत साधारण दोन भाग लवण. मी लिहिलेल्या ६ ग्रॅम दैनिक मात्रेतून सुमारे अडीच ग्रॅम लवण पोटात जात होते. प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यातील निम्मा वाटा एकट्या औषधाने घेतला. पुढे कळले की गुण आला म्हणून गुरुजींनी मात्रा आपणच वाढविली होती. चहाचा चमचा शिगोशीग भरून, तोही तीन वेळा. अशा चमच्यात सहज ५ ग्रॅम चूर्ण मावते. म्हणजे सहा ग्रॅमहून अधिक लवण केवळ औषधातून. डॉक्टरांच्या सांगण्यावरून लोणचे आणि पापड त्यांनी कधीच सोडले होते!

वाईट याचे वाटले की चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतियोग निषिद्ध मानला आहे. हा प्रश्न मी परीक्षेत लिहिला होता, त्यास उत्तम गुणही मिळाले होते. लवणभास्करात लवण आहे आणि पिप्पलीही आहे. परंतु ग्रंथातील ते सूत्र व दवाखान्यातील ती डबी यांची माझ्या मनात गाठच पडली नव्हती.

चूर्ण बंद केले, डॉक्टरांनी त्यांची औषधयोजना बदलली. सूज उतरली. पाचनासाठी पुढे शुंठीसिद्ध जल व लघु भोजन एवढ्यावर गुरुजींचे भागले. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. चिरंजिवांनी मात्र नंतर कधी दवाखान्याची पायरी चढली नाही.

सर्वच पाचक कल्प सारखे नाहीत. हिंग्वाष्टकात आठ द्रव्यांपैकी एक सैंधव आहे, त्यामुळे लवणाचे प्रमाण बरेच कमी. चित्रकादि वटीत मात्र पंचलवण व जोडीला दोन क्षार आहेत. शंखवटीतही पंचलवण आहे. मात्रा अल्प असली तरी महिनोन्‌महिने चालणाऱ्या वटीचा हिशेब करावयास हवा. सैंधव रक्तदाबास चालते, हा समज रुग्णांत फार रूढ आहे, काही वैद्यांतही आहे. सैंधव लवणांत श्रेष्ठ खरेच, पण त्यातही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते. रक्तदाब, हृद्रोग, वृक्कविकार आणि शोथ असलेल्या रुग्णांत हा भेद उपयोगी पडत नाही.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. गुरुजींची पहिली डबी माझ्या चिठ्ठीवर गेली, पुढच्या सर्व रिकामी डबी दाखवून. यात विक्रेत्याचा दोष मानण्याचे कारण नाही; मी चिठ्ठीवर मुदतच लिहिली नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक कल्पापुढे दिवसांची संख्या लिहू लागलो व गावातील दुकानदारांना सांगून ठेवले की त्या तारखेनंतर रुग्ण आला तर त्यास माझ्याकडे पाठवावे. एकाने प्रारंभी कुरकुर केली, विक्री घटते म्हणून. पुढे तोच गृहस्थ डबीवर पेनाने तारीख घालून देऊ लागला, आणि पाचक चूर्ण मागणाऱ्या वयस्क गिऱ्हाइकास “बीपीची गोळी चालू आहे का?” असे विचारू लागला.

माझ्या केसपेपरवर आता नाडीच्या रकान्याशेजारी रक्तदाबाचा रकाना आहे, आणि त्याखाली ‘चालू असलेली अन्य औषधे’ अशी एक ओळ. ती ओळ रिकामी ठेवून मी चिठ्ठी लिहावयास घेत नाही.