टर्बोच्या अलीकडची हवा, पलीकडची हवा

१९६२ साली जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागानं ‘जेटफायर’ नावाची गाडी बाजारात आणली. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, त्यावर टर्बो, आणि टर्बो असूनही कॉम्प्रेशन रेशो १०.२५ ला १. त्या काळच्या मानानं हे धाडसच. टर्बोनं दाबलेली हवा तापते, तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता पेट घेतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं. यावर ओल्ड्समोबिलनं काढलेला तोडगा असा, की बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, चढला की पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण आत फवारायचं. त्यासाठी वेगळी टाकी आणि मिश्रणाला नावही थाटाचं, ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. दाबलेल्या हवेचं तापमान सांगणारं साधन मात्र गाडीत नव्हतं. हवा किती तापली याचा पत्ता नसताना तिला थंड करण्याची सोय होती, असा तो काळ. टाकी रिकामी झाली की बूस्ट रोखणारी झडप होती, त्यामुळे इंजिन वाचायचं. पण टाकी भरायला विसरलेले मालक वर गाडीला पिकअप नाही म्हणून कुरकुरायचे. दोन वर्षांत जेटफायर बंद झाली. पुढे कंपनीनं कित्येक मालकांच्या गाडीवरचा टर्बो उतरवून साधा कार्बोरेटर बसवून दिला.

हवेचं तापमान मोजणारा सेन्सर पुढे आला, आणि तेव्हापासून आजवर तो तसा फारसा बदललेला नाही. बदलत गेली ती त्याची जागा, आणि जागेबरोबर त्यानं दिलेल्या आकड्याचा अर्थ.

सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, तोच प्रकार टर्बोत फार मोठ्या प्रमाणावर चालतो. आकडेच मांडून बघू. बाहेर ३५ अंश सेल्सिअस, टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय, आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के. मग पलीकडे निघणारी हवा साधारण १३० अंशांची असते. मे महिन्यात चंद्रपुरात बाहेरच ४५ असतील तर ती १४५ च्या घरात जाते. म्हणजे बाहेरचे दहा अंश आत गेल्यावर दहाच राहत नाहीत, थोडे वाढतात. आता ही १३० अंशांची हवा ५० वर आणली, तर तेवढ्याच दाबाला सिलिंडरमध्ये पाव पट जास्त हवा मावते. शिवाय ठोक्यांची भीती कमी होते, ते वेगळंच. पेट्रोल इंजिनात तर हा दुसरा फायदाच मला मोठा वाटतो.

हे गणित इंजिनिअरांना पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ठाऊक होतं. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर विमानाचं लिबर्टी इंजिन टर्बो लावून चालवून पाहिलं होतं. रस्त्यावरच्या मोटारीत हवा थंड करणारा इंटरकूलर रुळायला मात्र बराच काळ गेला. पोर्शच्या ९११ टर्बोला तो मिळाला १९७८ साली, इंजिन ३.३ लिटरचं झालं तेव्हा. मागच्या पंखाखाली तो बसवला, आणि त्या पंखाचा आकारही त्यासाठी बदलावा लागला.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं तसा सेन्सरही आला. बॉशच्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवेच्या झोतानं हलणारं एक पातं असे, आणि त्याच डब्यात एक छोटा थर्मिस्टर. तापला की त्याचा रोध घसरतो: २० अंशांना अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. आजही बहुतेक गाड्यांत याच जातीचा थर्मिस्टर असतो. पण तो डबा बसायचा एअर फिल्टरपाशी, म्हणजे टर्बोच्या अलीकडे. १९८५ च्या पोर्श ९४४ टर्बोतही हीच रचना होती. आत किती हवा गेली हे ठरवून तितकं पेट्रोल सोडायला ते पुरेसं, कारण हवेचं वजन टर्बोतून गेल्यानं बदलत नाही. प्रश्न इग्निशनचा. ठिणगी किती आधी पाडायची हे सिलिंडरपाशी पोहोचणारी हवा किती गरम आहे यावर अवलंबून, आणि तिच्याबद्दल हा सेन्सर काहीच बोलत नसे.

स्वीडनमध्ये साबच्या लोकांनी या अडचणीला वेगळ्याच बाजूनं हात घातला. पेर गिलब्रँड यांच्या चमूनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एपीसी नावाची यंत्रणा आणली. इंजिनच्या ब्लॉकवर ठोके ऐकणारा सेन्सर बसवला, ठोका ऐकू आला की बूस्ट कमी. हवेचं तापमान विचारण्याऐवजी थेट इंजिनालाच विचारायचं. पंपावरचं पेट्रोल कमी प्रतीचं असलं तरी यानं निभावून जायचं. मला हा त्या दशकातला सर्वात शहाणा निर्णय वाटतो.

त्याच दशकात फॉर्म्युला वनमध्ये मात्र तापमानाच्या आकड्याला वेगळं वजन आलं. रेनोनं १९७७ साली सिल्व्हरस्टोनला टर्बो गाडी उतरवली तेव्हा लोक हसले होते. दहा वर्षांत सगळे टर्बोवर आले आणि नियम करणाऱ्यांनी ब्रेक लावला. १९८८ मध्ये टर्बोवाल्यांना बूस्ट २.५ बारपर्यंत आणि अख्ख्या शर्यतीला पेट्रोल १५० लिटर. हवा जितकी थंड तितकी ताकद, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. होंडानं काय केलं? आत जाणारी हवा ७० अंशांवर धरून ठेवली. इंटरकूलरला वळसा घालणारा मार्ग ठेवून, म्हणजे थंड करता येत असताना मुद्दाम कमी थंड करून. कारण इंधनात ८४ टक्के टोल्युइन होतं. टोल्युइन ठोके सहन करतं, पण सहजासहजी वाफाळत नाही. म्हणून इंधनही ८० अंशांपर्यंत तापवलं जाई. गरम हवेत ते नीट वाफ होऊन पूर्ण जळे आणि १५० लिटर शेवटपर्यंत पुरत. त्या मोसमात मॅक्लारेन-होंडानं सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या, सेना आणि प्रॉस्ट यांच्या हातून. त्या यशाला गाडीचा सांगाडाही कारण होता, दोन्ही चालकही होते. तरी तापमानाकडे कमाल-किमान म्हणून न बघता नेमकं धरून ठेवण्याची गोष्ट म्हणून बघणं, ही समज मला त्या इंजिनातली सर्वात मोलाची वाटते.

रस्त्यावरच्या गाड्यांत पुढे सेन्सर टर्बोच्या पलीकडे सरकला. दाब आणि तापमान एकाच तुकड्यात मोजणारा सेन्सर इंटरकूलरनंतर, मॅनिफोल्डजवळ बसू लागला. आता ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, हवी ती हवा दिसू लागली, आणि नवा घोळ सुरू झाला. सेन्सर मोजतो स्वतःचं तापमान. हवेचं तापमान हा त्यावरून काढलेला अंदाज. सिग्नलला दहा मिनिटं अडकलात की बॉनेटखाली मॅनिफोल्ड तापतो, त्यात रुतलेला सेन्सर तापतो, आणि हवा फारशी गरम नसली तरी आकडा चढलेला दिसतो. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून इग्निशन मागे घेते, गाडी सुटताना जड वाटते, वेग आला की हळूहळू आकडा उतरतो. पितळेच्या बंद टोपणातले जुने सेन्सर यात अधिक सुस्त. उघड्या मण्याचे, प्लॅस्टिकच्या अंगाचे सेन्सर चपळ. यावर काही हौशी मंडळी सेन्सर काढून इंटरकूलरच्या तोंडाशी थंड पाइपवर बसवतात. आकडा छान दिसतो. इंजिनात जाणारी हवा तेवढीच गरम असते, ईसीयू मात्र ठिणगी पुढे आणते. ज्यानं इंजिन स्वतःच्या पैशांनी उघडलंय तो असलं करणार नाही.

आपल्याकडे टर्बो आधी डिझेलमधून आला. ट्रकच्या तोंडावरची ‘टीसीआयसी’ ही अक्षरं, टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड, महामार्गावर सगळ्यांनी वाचलेली आहेत. टर्बो पेट्रोल सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात यायला २०१० चं दशक उजाडलं. चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय २०१३ ची. तिच्या १.२ लिटर इंजिनात इंटरकूलर गाडीच्या नाकाशी नव्हता, थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच होता, पाण्यानं थंड होणारा. टर्बोपासून झडपेपर्यंतची वाट त्यामुळे आखूड झाली. खंबाटकी घाटासारख्या चढावर वेग कमी आणि बूस्ट जास्त, तिथे वाऱ्यावर अवलंबून असलेला साधा इंटरकूलर लवकर थकतो. पाण्याचा साठा काही काळ उष्णता पोटात घेतो. एकदा का पाणी तापलं, की निवायलाही तो तितकाच वेळ घेतो, हा त्याचा दोष.

आता पाचशे-हजाराचा ब्लूटूथ डोंगल लावून कुणीही मोबाइलवर हा आकडा बघतो. ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या निदान यंत्रणेच्या, मानकात हवेच्या तापमानाला एकच बाइट दिलेली आहे. त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस, म्हणून उणे ४० ते २१५ एवढीच मर्यादा. पण पडद्यावर नुसतं ‘इनटेक एअर टेंपरेचर’ येतं, ते कुठलं हे येत नाही. काही गाड्यांत ते फिल्टरपाशी असतं, काहींत इंटरकूलरनंतरचं. इंटरकूलरच्या तापमानाला वेगळा क्रमांक आहे, सगळ्या गाड्या तो देत नाहीत. नव्या डिझेलमध्ये तर इंटरकूलरनंतर पुन्हा एक्झॉस्टचा गरम वायू मिसळला जातो, त्यामुळे एकाच गाडीत तीन ठिकाणी तीन उत्तरं निघतात. इंटरकूलर कसा चाललाय हे खरंच जाणून घ्यायचं तर त्याच्या आधीचं, नंतरचं आणि बाहेरचं, असे तिन्ही आकडे एकाच क्षणाचे लागतात: आत जाताना १३०, निघताना ५५, बाहेर ३५, म्हणजे ७९ टक्के काम झालं. एका आकड्यावर इंटरकूलर बदलायला निघालेल्यांना हे आधी सांगावंसं वाटतं.

दरम्यान बीएमडब्ल्यूनं २०१६ च्या एम४ जीटीएसमध्ये पाणी फवारून हवा थंड करण्याची जुनी युक्ती परत आणली, या वेळी सेन्सर आणि संगणकासह, ५०० अश्वशक्तीसाठी. आणि फॉर्म्युला वनच्या २०१८ च्या नियमांत इंजिनच्या प्लेनममधली, म्हणजे सिलिंडरांआधीच्या कोठीतली, हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून अधिक गरम असलीच पाहिजे असं कलम आलं. ते पाळलं की नाही हे पात्रता फेरीत आणि शर्यतीत प्रत्येक फेरीची सरासरी काढून ठरायचं. मोजणारा सेन्सर नियम करणाऱ्या एफआयएच्या मान्यतेचा, सीलबंद. आणि तो प्लेनममध्ये नेमका कुठे बसवायचा याचीही एफआयएकडून मंजुरी घ्यावी लागे.