इंजिनाच्या पोटातले पाणी

शर्यतीची मोटार तुम्ही चित्रात पाहिली असेल. बुटकी, लांबट, जमिनीला जणू पोट टेकून धावणारी. फॉर्म्युला वन नावाच्या शर्यतीतल्या मोटारी तासाला ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळतात. आपल्या देशातही ही शर्यत झाली आहे. २०११, २०१२ आणि २०१३ साली ती दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे भरली होती.

या मोटारींच्या इंजिनाचे धड ॲल्युमिनियमचे असते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. आणि इंजिनात पेट्रोल जळते, तेव्हा आतला जाळ २००० अंशांच्याही वर जातो! मग इंजिन वितळून कसे जात नाही?

त्याला वाचवते पाणी. कसे, ते पाहू.

इंजिनात जाड नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. त्यांत पेट्रोल जळते. त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो आणि शेवटी चाके फिरतात. सिलिंडरांच्या भोवती धातूतच पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पाणी त्या वाटांनी वाहते.

पाण्याचा फेरा बहुतेक असा असतो. इंजिनाच्याच जोरावर एक पंप फिरतो. तो पाणी सिलिंडरांच्या भोवती ढकलतो. तिथून पाणी इंजिनाच्या डोक्यात चढते. जळालेला धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा तिथेच असतात. ही जागा फार तापते. तिथली उष्णता घेऊन पाणी रेडिएटरमध्ये जाते. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. मोटारीच्या दोन्ही कुशींना तोंडे असतात. त्यांतून वारा आत शिरतो आणि जाळीतले पाणी निवते. निवलेले पाणी पुन्हा पंपाकडे येते.

म्हणजे पाणी हमालाचे काम करते. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची.

हा वारा मोटारीच्या धावण्यानेच मिळतो. मोटार उभी राहिली की वारा बंद! म्हणून शर्यत सुटण्यापूर्वी कामगार त्या तोंडांशी पंखे लावतात. मेक्सिको शहरातला शर्यतीचा रस्ता समुद्रापासून २२०० मीटरहून उंच आहे. तिथे हवा विरळ असते. म्हणून तिथे वारा खेळण्याच्या वाटा मोठ्या ठेवाव्या लागतात.

आता खरी गोम ऐका. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाका. तो नुसता नाचत राहतो. लवकर आटत नाही. असे का होते? थेंबाच्या खाली वाफेचा पातळ थर असतो. पाणी तव्याला टेकतच नाही. इंजिनाच्या आतही असेच होऊ शकते. धातूला वाफ धरली की तिथे पाणी पोचत नाही. वाफ काही पाण्याएवढी उष्णता नेत नाही. मग तेवढी जागा भलतीच तापते. धातू वाकतो, त्याला तडा जातो.

यावर उपाय दाबाचा. कुकरचे झाकण घट्ट असते, म्हणून आत दाब वाढतो आणि पाणी उशिरा उकळते. रेडिएटरचे झाकणही तसेच. साध्या मोटारीतसुद्धा या दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. शर्यतीच्या मोटारीत दाब त्याहून जास्त ठेवतात.

साध्या मोटारीच्या पाण्यात ग्लायकॉल नावाचे औषध घालतात. त्याने पाणी गोठत नाही. पण ते रस्त्यावर सांडले तर चाके घसरतात आणि लवकर वाळतही नाही. म्हणून पुष्कळ शर्यतींत त्याला बंदी असते.

तुमचा ट्रॅक्टर, जीप किंवा ट्रकही याच रीतीने गार राहतो. घाट चढून इंजिन तापले, तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. दाब सुटला की आतल्या उकळत्या पाण्याची क्षणात वाफ होते. ती तोंडावर, हातांवर उडून माणूस भाजतो. गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. ते पुरते निवू द्या. मगच झाकणावर जाड फडके धरा, तोंड बाजूला ठेवा आणि झाकण हळूहळू फिरवा. तापल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नका. धातूला तडा जाईल.

अर्धा तास थांबलात तर अर्धाच तास जाईल. घाई केलीत तर डोळे जातील.