काचपेटीतला शार्क आणि समुद्रातली मोरी

अंजनगाव सुर्जीहून समुद्र पाहावयास जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास. तरी आपल्या शहानूर नदीचे पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्रात जाते. तेव्हा समुद्राशी आपले काहीच नाते नाही असे नव्हे. परंतु शार्क माशावर बोलावयाचे आम्ही ठरविले, त्याचे कारण नदी नव्हे. त्याचे कारण एका कामगाराच्या घरातील काचेची पेटी हे आहे.

आमच्या संघटनेतील एका हमाल बांधवाने दिवाळीचा बोनस हाती आल्यावर मुलाच्या हट्टापायी दोन फुटांची काचपेटी घेतली, आणि 'शार्क' म्हणून विकले जाणारे चार मासे आणून तीत सोडले. मासे बोटाएवढे होते. 'हे एवढेच राहतात,' असे विकणाऱ्याने सांगितले होते. वर्ष उलटले. दोन मासे मेले. उरलेले दोन वीतभराहून मोठे झाले. दार जोराने लागले तरी ते दचकत आणि काचेवर डोके आपटून घेत. एके संध्याकाळी तो बांधव आमच्याकडे येऊन म्हणाला, "भाऊ, हे शार्क आता पेटीत मावत नाईत. शहानूरच्या धरनात सोडून देऊ काय? पन तिथी पोरं पोवतेत. कोनाले चावलं त?"

त्याच्या या बोलण्यात तीन प्रश्न होते. हा मासा खरोखर शार्क आहे काय? शार्क माणसास चावतो काय? आणि घरातला मासा धरणात सोडावा काय? आम्हांस तिन्हींपैकी एकाचेही उत्तर धड देता आले नाही. आमचे शाळेतील शिक्षण थोडके. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झालेले. तेव्हा पुन्हा तेच बाक गाठले, जाणत्यांना विचारले, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाचा प्रश्न घेऊ. शार्कच्या अंगात हाड नसते. त्याचा सांगाडा आपल्या कानात असते तसल्या कूर्चेचा असतो. रोहूच्या गालावर कल्ल्यांचे एकच झाकण असते. शार्कला झाकण नसते, दोन्ही बाजूंस पाच ते सात उघड्या चिरा असतात. त्याच्या कातडीवर दातांसारखे बारीक कण असतात, म्हणून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविला तर ती पॉलिशकागदासारखी खरखरीत लागते. माशांना पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी त्याच्या पोटात नसते. तेलाने भरलेले मोठे यकृत ते काम काही अंशी करते. त्याचा दात पडला की मागच्या रांगेतला पुढे येतो, आणि हे जन्मभर चालते.

या कसोट्या लावल्या तर दुकानातले बहुतेक 'शार्क' नापास होतात. आमच्या मित्राच्या घरचा मासा पंगस निघाला. तो मूळचा आग्नेय आशियातील मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांचा, मिशा असलेल्या माशांच्या कुळातला. मोठेपणी तो चार फुटांवर वाढू शकतो. आपल्याकडे त्याची तळ्यांतून शेती होते आणि तो बाजारात खाण्यासाठी विकला जातो. दुसरा एक चंदेरी अंगाचा व काळ्या काठांच्या परांचा 'बाला शार्क', आणि तिसरा काळ्या अंगाचा, लाल शेपटीचा. हे दोघे रोहू-कटल्याच्या गोतातले. पाठीवरचा उभा त्रिकोणी पर पाहून कोणी तरी त्यांना शार्क म्हटले आणि तेच नाव व्यापाराने उचलले. नाव भारदस्त असले की माल लवकर खपतो, हे कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसास निराळे सांगावे लागत नाही. मात्र लाल शेपटीच्या त्या माशाची थायलंडमधील नद्यांत अतिशय दुर्दशा झाली आहे. दुकानांतून मिळतात ते पैदास केलेले असतात.

मग खराखुरा लहान शार्क घरी ठेवता येईल काय? काही जाती लहान असतात हे खरे. बांबू शार्क म्हणून ओळखली जाणारी जात आपल्या किनाऱ्यालगतही आढळते; ती दोन-अडीच फुटांची होते, तळाशी राहते आणि चिवट पिशवीत अंडी घालते. परदेशांत हौशी लोक ती पाळतात. पण त्यासाठी हजारो लिटरांचे खारे पाणी, ते सतत स्वच्छ करणारी यंत्रे आणि रोज ताजे मासे-कोळंबी लागतात. खारे पाणीच का, तेही समजून घेण्याजोगे आहे. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण आतल्या दाट रसाकडे बाहेरचे पाणी ओढले जाते. शार्क आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतो आणि समुद्राच्या खारटपणाशी बरोबरी साधतो. त्याला आपल्या नळाच्या पाण्यात सोडले तर त्याची गत मनुकेसारखी होईल. सारांश, वऱ्हाडातील घरात खरा शार्क ठेवणे म्हणजे त्याला सावकाश मारणे होय.

आता खऱ्या शार्ककडे वळू. महाराष्ट्राला तो परका नाही. आपण त्याला शार्क म्हणत नाही इतकेच. कोकणात त्याला मोरी किंवा मुशी म्हणतात. ज्याचे डोके दोन्ही बाजूंस कानांसारखे पसरलेले, ती कानमुशी. मालवणाकडे मोरीचे मटण आवडीने खातात. मुंबईचा ससून डॉक १८७५ साली बांधला गेला. संघटनेच्या कामासाठी मुंबईस गेलो असता आम्ही पहाटे तेथे गेलो होतो. ओल्या फरशीवर टोपल्या मांडून बसलेल्या कोळणींपुढे हातभर लांबीच्या, चपट्या नाकाच्या करड्या माशांचे ढीग होते. "ही मोरी, भाऊ. घेता का?" असे एकीने विचारले. हाच शार्क, हे त्या वेळी आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

या मोरीचे अंडे मोहरीच्या दाण्याएवढे असते. शार्कमध्ये इतके लहान अंडे दुसऱ्या कोणाचे नाही. त्यात पोषण जवळजवळ नसतेच. म्हणून पिल्ले आईच्या पोटात नाळेने जोडलेली वाढतात, अगदी आपल्यासारखी, आणि जन्मतात तेव्हा अर्ध्या-पाऊण वितीची असतात. एका वेळी फार तर डझन-दीड डझन पिल्ले होतात. रोहूची मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते. मोठ्या शार्कांचे तर याहून कठीण. कित्येकांना वयात येण्यासच दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे रोहूचे तळे उपसले तर पुन्हा भरते. शार्कचा समुद्र उपसला तर भरण्यास पिढ्या लागतात.

दुसरा प्रश्न चावण्याचा. शार्कच्या जाती सुमारे पाचशे आहेत. सर्वांत लहान तळहातापेक्षा थोडा मोठा. सर्वांत मोठा देवमाशासारखा प्रचंड, चाळीस फुटांवर जाणारा, आणि तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. माणसाला धोकादायक अशा जाती मोजक्याच. त्यांतली बुल शार्क ही जात गोड्या पाण्यातही शिरू शकते, कारण तिची मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकू शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात शार्कने एका मच्छीमार तरुणाचा पाय जबर जखमी केला. अशी घटना खोटी म्हणून झटकू नये. परंतु साऱ्या जगात वर्षाकाठी शार्कमुळे दगावणारी माणसे बहुधा दहाच्या आतच असतात. उलट माणसाच्या हातून वर्षाला मरणाऱ्या शार्कांचा अंदाज २०१३ साली शास्त्रज्ञांनी केला, तो सुमारे दहा कोटींचा होता. भ्यावयाचे कोणी कोणाला?

येथे पोटाचा प्रश्न येतो, आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने शार्क व पाकट यांच्या सर्वच जाती धरण्यास बंदी केली. जाळ्यात काय यावे हे मच्छीमाराच्या हाती नसते. किनाऱ्यावर ओरड झाली. डिसेंबरात यादी दहा जातींवर आणावी लागली. त्यांत तो प्रचंड शार्क राहिला. सौराष्ट्रात पूर्वी त्याची शिकार होई, लाकडी होड्यांना लावण्यासाठी त्याच्या यकृताचे तेल काढीत. २००४ पासून तेथे लोकजागृती झाली, आणि जाळे कापून मासा सोडणाऱ्यास जाळ्याची भरपाई मिळू लागली. तेव्हापासून असे शेकडो मासे सुखरूप सुटले. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून अशा संरक्षित प्राण्यांसाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. शार्कच्या परांची निर्यात २०१५ साली बंद झाली. यातून आम्ही एक धडा घेतला: कष्टकऱ्याच्या ताटातले काढून घेणारा कायदा कागदावर राहतो, त्याचे नुकसान भरून देणारा कायदा समुद्रात पोहोचतो.

आता तिसरा प्रश्न, धरणाचा. त्याचे उत्तर स्पष्ट 'नको' असे आहे. पंगस पोरांना चावणार नाही. पण आपल्या नद्यांतला नसलेला मासा धरणात सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात आपले तण पेरणे. काचपेटीची काच साफ ठेवतो म्हणून लोक हौसेने घेतात तो सकर मासा असाच कोणाच्या तरी हातून सुटून उजनीच्या जलाशयात पोहोचला. तो खाण्यास कोणी घेत नाही, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. ते जाळे ज्याचे फाटते तो भोई बांधवही कामगारच आहे. आपल्याकडील धरणांवर असे किती तरी बांधव सहकारी संस्था करून मरळ, रोहू, कटला यांवर पोट भरतात. त्यांच्या पाण्यात काय सोडावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्या घरातल्या अडचणीला नाही.

आमच्या मित्राचे दोन्ही मासे शेवटी बादलीतून एका शेतकऱ्याकडे गेले. त्याच्या शेततळ्यात पंगसाचीच शेती होती. मुलगा सोबत आला होता. मासे पाण्यात सुटल्यावर क्षणात दिसेनासे झाले. मुलाने विचारले, "काका, आता ते काचेवर आपटनार नाईत ना?" आम्ही नाही म्हणालो. 'ते आता बाजारात जातील,' हे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्याच्या वडिलांनी ते वाटेत सांगितले, आणि बरे केले.

काचपेटी ठेवूच नये असे आमचे म्हणणे नाही. मुलाने माशाकडे तास न् तास पाहावे, ही उत्तम शाळा आहे. परंतु घेण्यापूर्वी विकणाऱ्यास तीन गोष्टी विचाराव्यात: याचे खरे नाव काय, हा केवढा होणार, आणि याचे मूळ पाणी कोणते. उत्तर न मिळाल्यास मासा घेऊ नये. त्या मुलाच्या पेटीत आता लहान गप्पी मासे आहेत. पेटीवर त्याने स्वतःच्या अक्षरात कागद चिकटविला आहे: 'गप्पी. शार्क नाही.'